लॅबमधला नवा मिनी पीसी: सात महिन्यांनंतर (आणि नंबरपॅड कुठाय?)

गेल्या रविवारी पहाटे पाचला आयसीयूतून तीन जांभळ्या झाकणाच्या ट्यूब आल्या. सीबीसी मशीनने (रक्तपेशी मोजणाऱ्या) रक्त ओढलं, स्वतःच्या पडद्यावर आकडे दाखवले आणि कॉम्प्युटरवर काहीच आलं नाही. रिफ्रेश मारलं, रिस्टार्ट केलं, मारुतीचं नाव घेतलं. तोवर वरून सिस्टरचा तिसरा फोन. शेवटी रिपोर्ट हाताने टाकले. पदरचे ४२० रुपये मोजून आणलेला नंबरपॅड, म्हणजे फक्त आकड्यांच्या बटणांचा छोटा कीबोर्ड, होता म्हणून निभावलं.

त्या नंबरपॅडबद्दल आधी सांगते, कारण माझा सगळा राग तिथेच आहे.

आमच्या ट्रस्टच्या तिन्ही हॉस्पिटलांतले कॉम्प्युटर गेल्या दसऱ्याच्या सुमारास एका झटक्यात बदलले. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि आमचे बरेचसे डबे (कॉम्प्युटर हो) सहाव्या-सातव्या पिढीच्या प्रोसेसरचे, म्हणजे विंडोज ११ ला नापास. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आडवे झाले आणि तिथे कागद-पेनावर काम आलं, ते सगळ्यांच्या लक्षात होतं. त्यामुळे बदलायला हरकत कुणाचीच नव्हती. मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने बसवलेला मिनी पीसी, आठ जीबी रॅम, एसएसडी. तुम्ही पाहिलेच असतील. सगळीकडे एकच मॉडेल, एकच मॉनिटर, एकच कीबोर्ड.

आणि तो कीबोर्ड आखूड, उजवीकडचा नंबरपॅडच नाही! वॉर्डातल्या ट्रॉलीवर मावावा म्हणून म्हणे. अहो, ट्रॉली वॉर्डात. मी लॅबमध्ये दिवसभर आकडेच बडवते. नंबरपॅडवर बोटं आपोआप चालतात, नजर वर्कशीटवर राहते. वरच्या ओळीतले आकडे दाबायला दर वेळी मान खाली. दुसऱ्याच आठवड्यात पोटॅशियम ३.९ च्या जागी ९.३ टाकलं गेलं. लाल पट्टी आली म्हणून रिपोर्ट सुटायच्या आत सापडलं. त्याच दिवशी नंबरपॅडवाला कीबोर्ड मागितला. उत्तर आलं, ‘स्टँडर्ड यादीत नाही.’ मग स्टेशन रोडवरून स्वतःच घेऊन आले.

आता रविवारचं. पूर्वी आयटीचा मुलगा तळमजल्यावर बसायचा, हाक मारली की जिना चढून यायचा. आता मुख्य हॉस्पिटलात हेल्पडेस्क आहे. पावणेसहाला तिकीट, म्हणजे ऑनलाइन तक्रार, टाकलं, त्याला ‘मीडियम’ प्रायॉरिटी मिळाली. सव्वानऊला फोन आला. इथे मी चार शब्द ऐकवले, ते लिहीत नाही. हेल्पडेस्कच्या मुलाने तिथूनच माझ्या कॉम्प्युटरचा ताबा घेतला, डिव्हाइस मॅनेजर उघडला आणि चार मिनिटांत आकडे धडाधड येऊ लागले.

झालं होतं असं. आमचं सीबीसी मशीन जुनं, ते फक्त नऊ पिनांच्या सिरियल पोर्टमधून बोलतं. जुन्या डब्याला मागे तो पोर्ट होता, नव्याला नाही. म्हणून मध्ये यूएसबीचा कन्व्हर्टर लावलाय, तोही स्वस्तातला. स्वस्त कन्व्हर्टरच्या चिपला स्वतःचा नंबर नसतो. तो या भोकातून काढून त्या भोकात घातला की विंडोजला वाटतं, कोणी नवाच पाहुणा आला, आणि पोर्टला विंडोजने दिलेलं नाव बदलतं, कॉम ३ चा कॉम ५ होतो. लॅबचं सॉफ्टवेअर बिचारं कॉम ३ कडेच कान लावून बसलेलं.

“मॅडम, कन्व्हर्टर कोणी हलवला?”

मीच. शनिवारी. नंबरपॅडची वायर आखूड, पुढचं भोक हवं होतं. पण मला सांगा, कीबोर्ड धड दिला असता तर मी कशाला हात लावला असता?

खरं तर त्या दिवशी दोन स्टार देऊन मोकळी होणार होते. पण फेब्रुवारी आठवला. बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावरचा डबा भर सकाळी गेला. पूर्वी असं झालं की दोन दिवस खोळंबा: प्रिंटर त्याच कॉम्प्युटरला, ड्रायव्हरची सीडी कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही. या वेळी मामांनी स्टोअरमधून स्पेअर डबा आणला, चार वायरी जोडल्या आणि पंधरा मिनिटांत तोच स्क्रीन, तेच बारकोड लेबल. मार्चमध्ये दुसऱ्या हॉस्पिटलात आठवडाभर बदली ड्युटी केली, तिथेही लॉगिन करून थेट कामाला लागले, कोणाला काही विचारावं लागलं नाही. सकाळी कॉम्प्युटर चालू करून चहाला जायची सवय मात्र मोडली; उठेपर्यंत तो तयार. सगळं एकसारखं असण्याचा हा फायदा मी आधी मानत नव्हते, आता मानते. चार स्टार. पाचवा कीबोर्डने खाल्ला.

पेनड्राइव्ह बंद केलेत, त्याबद्दल डॉक्टर कुरकुरतात. मला पटतं.

कन्व्हर्टरच्या भोकावर मी आमच्याच बारकोड प्रिंटरवर छापून ‘हात लावू नये’ असं लेबल चिकटवलंय. मावशी फडका मारताना हसतात. मंगळवारी चांगल्या चिपचा कन्व्हर्टरही मिळाला, न मागता. कीबोर्डचं तिकीट ‘यादीबाहेर’ म्हणून पुन्हा बंद केलंय. मी ते पुन्हा उघडलंय.