सावलीसाठी लावलेला लाइव्ह ओक : वर्षभरानंतरचा अनुभव

ऑस्टिनच्या उत्तरेकडील आमच्या परसात लाइव्ह ओक लावून वर्ष उलटून गेले आहे. टेक्सासमधील नर्सऱ्यांत या एकाच नावाखाली दोन जवळच्या जाती विकल्या जातात : आग्नेय अमेरिकेच्या किनारपट्टीवरची क्वेर्कस व्हर्जिनियाना आणि मध्य टेक्सासच्या चुनखडीच्या जमिनीतली क्वेर्कस फ्युसिफॉर्मिस. दुसरी जात थंडी आणि पाण्याचा ताण अधिक सोसते, म्हणून आमच्या भागात तरी शास्त्रीय नाव विचारूनच रोप घ्यावे. ह्यूस्टनमध्ये पहिलीही उत्तम वाढते. राइस विद्यापीठाच्या आवारातील रांगा पाहिल्या की याची खात्री पटते.

आम्ही १५ गॅलनच्या कुंडीतले रोप निवडले. मोठ्या कुंडीतले झाड लगेच नजरेत भरते, पण ते जमिनीत रुजायला जास्त काळ घेते, तोवर पाणीही जास्त मागते आणि किंमत तर कितीतरी अधिक असते. झाडाच्या उंचीपेक्षा त्याच्या बुंध्याकडे पाहावे, हे माझे मत आता पक्के झाले आहे. आमचे रोप कुंडीतून काढले तेव्हा बाहेरची मुळे कडेने गोल फिरलेली होती आणि खोड जिथे रुंदावून मुळांत उतरते तो भाग मातीखाली गाडलेला होता. नर्सरीवाल्याचा सल्ला ‘आहे तसेच खड्ड्यात ठेवा’ असा होता; तो न मानता आम्ही वरची माती खरवडली, फिरलेली मुळे कापली आणि बुंध्याचा तो भाग जमिनीच्या किंचित वर राहील एवढाच खड्डा घेतला. सालीच्या तुकड्यांचे आच्छादन भोवती पसरले, मात्र खोडाला टेकू दिले नाही.

हे झाड सदाहरित म्हणून विकले जाते, तरी मार्चमध्ये जुनी पाने पिवळी पडून भराभर गळतात आणि त्याच सुमारास नवी पालवी फुटते. शेजारच्या काकांनी ‘झाड गेलं वाटतं’ असे म्हटले, तेव्हा फांद्यांच्या टोकांना कोवळे कोंब दिसू लागले होते. गल्लीतल्या मोठ्या ओकांचे परागकण याच दिवसांत गाड्यांवर पिवळा थर धरतात; ॲलर्जी असणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

खरी काळजी ‘ओक विल्ट’ या बुरशीजन्य रोगाची आहे. लाल ओकांच्या सालीखाली वाढणाऱ्या बुरशीवरून बारीक भुंगेरे तिचे बीजाणू ताज्या जखमांवर आणतात, आणि शेजारशेजारच्या लाइव्ह ओकांची मुळे जमिनीखाली जोडलेली असल्यामुळे एका झाडाचा रोग ओळीने पुढच्या झाडांत जातो. पानाचा बाकी भाग हिरवा असताना फक्त शिरा तपकिरी झालेल्या दिसल्या, तर लगेच जाणकाराला बोलवावे. फेब्रुवारी ते जून छाटणी टाळावी आणि इतर वेळी कापलेल्या जागेला ताबडतोब रंग लावावा, असा इथला नियम आहे. एप्रिलमध्ये हिरवळ कापायला आलेल्या माणसाने कात्री काढली, तेव्हा त्याला थांबवावे लागले.

हिरवळीचे तणनाशक मिसळलेले खतही मी या झाडाच्या आसपास टाकत नाही. ऑस्टिनच्या प्रसिद्ध ट्रीटी ओकवर १९८९ मध्ये कोणीतरी मुद्दाम तणनाशक ओतले होते. ते झाड वाचले, पण त्याचा बराचसा विस्तार गेला.

वाढीबद्दल सांगायचे तर पहिल्या वर्षी वर फारसे काही दिसत नाही. उन्हाळ्यात बोट घालून माती तपासत मुळांच्या गोळ्यावरच सावकाश पाणी सोडावे लागले, कारण स्प्रिंकलरचे पाणी तिथपर्यंत पुरेसे झिरपत नव्हते. पुढे हे झाड वडासारखे आडवे पसरते आणि मोठेपणी त्याचा घेर ६० फुटांच्या पुढे सहज जातो, म्हणून छोट्या प्लॉटवर, भिंतीलगत किंवा फुटपाथच्या कडेला ते लावू नये. आमच्या रोपाला वर दोन सारख्या जाडीचे शेंडे आले आहेत. त्यांतला एक जानेवारीच्या थंडीत कापून जखमेला रंग लावायचा आहे, आणि खोड जाड व्हावे म्हणून खालच्या फांद्या मात्र अजून काही वर्षे तशाच ठेवायच्या आहेत.