रात्रीच्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण: कसं आहे, कोणी घ्यावं

फुकट आहे, चहा बरा मिळतो आणि गुडघे दुखतात. एवढ्यावर ज्यांचं भागतंय त्यांनी इथेच थांबावं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण इंग्लंडात स्थिरावलेले आपले बरेच लोक "इथे काहीतरी समाजकार्य करायचंय" म्हणतात आणि फूड बँक किंवा मंदिरातला स्वयंपाक यापलीकडे त्यांना कोणी काही सुचवत नाही.

शुक्रवारी-शनिवारी रात्री पब आणि क्लब सुटायच्या वेळी शहराच्या मध्यभागी गेलात तर चमकत्या पट्ट्यांची जाकिटं घातलेली चार-पाच माणसं हळूहळू चालताना दिसतात. ना पोलीस, ना बाउन्सर. कोणी फुटपाथवर बसून ओकत असेल, कोणाचा मोबाइल बंद पडला असेल, कोणी मैत्रिणींपासून चुकली असेल, तर ही माणसं थांबतात. २००३ साली लंडनच्या ब्रिक्स्टन भागात रेव्हरंड लेस आयझॅक यांनी 'स्ट्रीट पास्टर्स' सुरू केलं, २००५ मध्ये हॅलिफॅक्सला 'स्ट्रीट एंजल्स' आले आणि मग ही कल्पना गावोगाव गेली. काही ठिकाणी चर्चचं सदस्यत्व लागतं, काही ठिकाणी कोणीही चालतं. मिडलंड्समधल्या आमच्या शहरातली संस्था दुसऱ्या प्रकारची. तिचं नाव देत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि माणसं खरोखर चांगली आहेत.

मी मूळची मिरजेची, पन्नाशी ओलांडलेली, इथे एका केमिस्टकडे काउंटरच्या मागे औषधं काढून देते. घरात दारू नाही. "तुला काय कळतं त्यातलं?" हा नवऱ्याचा पहिला प्रश्न होता. रास्त होता.

प्रशिक्षण हिवाळ्यातल्या संध्याकाळी, एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. शिकवणाऱ्या बाई पूर्वी ॲम्ब्युलन्सवर होत्या. त्यांचा पहिला अख्खा धडा कशावर, तर माणसाजवळ जायचं कसं. समोरून जायचं नाही, बाजूने जायचं. वरून वाकून बोलायचं नाही, उकिडवं बसायचं, पण गुडघा जमिनीला टेकवायचा नाही, कारण पटकन उठता आलं पाहिजे. आधी आपलं नाव सांगायचं, मग त्याचं विचारायचं. हात लावण्याआधी विचारायचं, अगदी पाठीवर थोपटायचं असलं तरी. एक जण बोलत असताना जोडीदाराने रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं: येणारी गाडी, भांडणारी टोळी, फुटलेली काच, आणि 'मी तिचा मित्रच आहे' म्हणत घुटमळणारा माणूस. या शेवटच्यावर बाईंनी बराच वेळ घालवला. तो खरंच मित्र आहे का, हे त्याला विचारून कळत नाही, तिला विचारायचं. तिला त्याचं आडनाव तरी माहीत आहे का, ती कुठे राहते हे त्याला माहीत आहे का. शंका आली तर भांडायचं नाही, रेडिओवर कळवायचं आणि तिच्याजवळून हलायचं नाही.

मग नकारांची यादी. कोणाला घरी सोडायचं नाही. स्वतःच्या गाडीत बसवायचं नाही. कोणाचे पैसे, पाकीट, फोन सांभाळायला घ्यायचे नाहीत. मारामारीत पडायचं नाही, लांबून ९९९ ला (इथला आणीबाणीचा नंबर) फोन. एकट्याने गल्लीत शिरायचं नाही, कितीही करुण हाक आली तरी. आपला फोन नंबर द्यायचा नाही. हे ऐकताना आमच्यातले दोघे-तिघे चुळबुळ करत होते. मदत करायला आलोय की नियम पाठ करायला, असा चेहरा. मला मात्र प्रशिक्षणाचा सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटला. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत मोठमोठ्या स्वागत कमानींखाली रात्रभर उभे राहणारे कार्यकर्ते बघत मी मोठी झाले. जीव लावून काम करायचे, पण आपण कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं हे त्यांना कोणी कधी बसवून सांगितलं नव्हतं. जो पुढे घुसेल तो शूर.

वैद्यकीय भागाला मी पाचपैकी पाच देईन, आणि औषधांच्या दुकानात काम करत असल्याने थोडं कडक मोजते आहे. दारूचं इथलं माप म्हणजे एक युनिट, दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. शरीर साधारण तासाला एक युनिट हटवतं, आणि हा वेग वाढवायला काहीही चालत नाही. कॉफी नाही, गार पाण्याचा शॉवर नाही. आपल्याकडचं लिंबू, ताक आणि डोक्यावर बादली हे त्याच खात्यात. उलट शेवटचा पेला रिकामा झाल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरत राहते. म्हणून 'झोपू दे, सकाळी ठीक होईल' हे वाक्य धोक्याचं: झोपताना बरा दिसणारा माणूस तासाभराने वाईट असू शकतो. हलवून, हाक मारून डोळे उघडत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी, दोन श्वासांत दहा सेकंदांहून मोठी फट, ओठ निळसर, अंग गार आणि चिकट, यातलं काही दिसलं की ॲम्ब्युलन्स. उलटी मुद्दाम काढायला लावायची नाही. घशातली प्रतिक्रिया मंदावलेली असते, उलटी छातीत जाऊ शकते.

कुशीवर वळवण्याचा सराव जमिनीवर. माझा जोडीदार एक निवृत्त पोस्टमन, माझ्या दीडपट. मला वाटलं, हा काही हलत नाही. पण लांबचा गुडघा दुमडून उभा केला आणि तोच आपल्याकडे ओढला की अख्खा माणूस मागोमाग येतो, जोर लागतच नाही. मग डोकं किंचित मागे, तोंड खालच्या बाजूला, म्हणजे जे बाहेर यायचं ते बाहेर येईल. घरी नवऱ्यावर करून दाखवलं. त्यानंतर त्याचे प्रश्न थांबले.

प्यायल्यासारखं वागणारा प्रत्येक जण प्यायलेला नसतो, हा धडा त्यांनी फार नीट घेतला. डोक्याला मार लागलेला माणूस तसाच झोकांड्या खातो. शुगर लो झालेला मधुमेही तसाच बरळतो, घामाघूम होतो, चिडतो, आणि त्याने दोन घोट घेतलेले असतील तर वासामुळे सगळे फसतात. हे ऐकताना हॉलमध्ये मान डोलावणारी मी एकटीच. आपल्या घरात कोण नाही शुगरवालं? मनगटावर, गळ्यात आजाराची माहिती लिहिलेली पट्टी आहे का बघायचं, पूर्ण शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच गोड द्यायचं, बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालायचं नाही.

थंडीचंही तसंच. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, म्हणून उबदार वाटतं आणि प्रत्यक्षात उष्णता निघून जात असते. डिसेंबरात बिनकोटाची मुलं रांगेत हसत उभी असतात त्याचं कारण हे. चंदेरी फॉइलचं ब्लँकेट आपण वरून गुंडाळतो, पण फुटपाथ खालून ऊब ओढून घेतो. म्हणून खाली आधी पुठ्ठा, बॅग, काहीही.

पिशवीत पाणी, फॉइल, हातमोजे, लॉलीपॉप, सुपली-झाडू आणि स्लिपरांचा ढीग. स्लिपर बघून मला हसू आलं होतं. रात्री दोननंतर मात्र उंच टाचांचे बूट हातात घेऊन अनवाणी चालणाऱ्या मुली आणि त्यांच्या वाटेतल्या फुटक्या बाटल्या बघितल्या की यादीत पहिला नंबर स्लिपरांचाच लागतो. लॉलीपॉपचा उपयोग वेगळा: तावातावाने भांडणाऱ्याच्या तोंडात लॉलीपॉप असलं की शिव्या देणं अवघड जातं. खरंच जातं.

रेडिओ हा स्वतंत्र विषय. तो सीसीटीव्ही कंट्रोल रूम आणि क्लबांच्या दारावरच्या परवानाधारक सुरक्षारक्षकांशी जोडलेला. कमी बोला, जागा आधी सांगा, नाव घेऊ नका. मला हे सगळ्यात जड गेलं. थोडक्यात बोलण्याची सवय आमच्या घराण्यात कोणालाच नाही.

आता कुरकुर. लैंगिक अत्याचार आणि पेयात काही मिसळण्याचा भाग घाईत उरकला आणि अर्धा ऑनलाइन ढकलला. 'पुढे' दाबत जायचं, शेवटी प्रश्न, शेजारच्याला विचारलं तर तोही उत्तर सांगेल असे. 'आस्क फॉर अँजेला', म्हणजे बारवर जाऊन अँजेलाची चौकशी केली की कर्मचाऱ्याने समजून मदत करायची, ही लिंकनशरमध्ये २०१६ साली सुरू झालेली योजना एका चित्रात संपवली. बारमागच्या नव्या पोराला ती कोणी शिकवलीच नसेल तर त्या मुलीने काय करायचं, हे विचारल्यावर चर्चा झाली, पण मी विचारल्यावर. चांगलं एवढंच की महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या: विश्वास ठेवायचा, उलटतपासणी करायची नाही, तिने आंघोळ किंवा कपडे धुण्याची घाई करू नये हे हळुवार सांगायचं, आणि खास मदतकेंद्रांत पोलिसांकडे न जाताही थेट जाता येतं हे कळवायचं. यावर एक अख्खी संध्याकाळ हवी होती.

दुसरी कुरकुर आपल्या पोरांबद्दल. आमच्या शहरात दोन विद्यापीठं, भारतातून आलेली मुलं भरपूर. कित्येकांचा पहिला पेला इथलाच, तोही उपाशीपोटी, कारण बाहेरचं महाग. मित्र निपचित पडला तरी फोन करत नाहीत: ॲम्ब्युलन्सचं बिल येईल, व्हिसा जाईल, घरी कळेल. बिल येत नाही. ९९९ ची ॲम्ब्युलन्स आणि इमर्जन्सी विभाग फुकट आहेत, आणि व्हिसासोबत वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार त्यांनी भरलेलाच असतो. आजारी पडल्याने व्हिसा जात नाही. हे कोर्समध्ये कुठेच नव्हतं. मी सांगितलं तर बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या वेळी मलाच दहा मिनिटं बोलायला लावलं. हे वागणं मला आवडलं.

शेवटी अनुभवी गटाबरोबर मागे मागे फिरायची रात्र असते. कबाबच्या दुकानाबाहेर एक पोरगा पायरीवर घोटा धरून बसला होता, इंग्रजीत 'आय ॲम फाइन' आणि मधेच 'आई गं'. मी बाजूला उकिडवी बसले आणि म्हटलं, "काय रे, कुठला तू?" नशा अर्धी उतरल्यासारखा सरळ झाला. "काकू, सांगली. काकू, प्लीज घरी सांगू नका." त्याच्या घरच्यांना मी कशाला ओळखेन? पण सांगली म्हटल्यावर त्यालाही खात्री नव्हती आणि खरं सांगायचं तर मलाही. घोटा मुरगळला होता, हाड ठीक वाटत होतं. पाणी दिलं, रूममेटला फोन त्याच्याच फोनवरून लावायला लावला, रूममेट येईपर्यंत थांबलो. सोडायला गेलो नाही. जाताना वाकून नमस्कार करायला लागला तो त्या घोट्यावर, त्याला मीच धरला. न विचारता.

कोणी जावं? रात्री चारपर्यंत उभं राहता येतं, उलटीचा वास सोसतो आणि 'तुम्ही काय देवदूत आहात का' असं कोणी खिजवलं तर हसता येतं, त्यांनी. उपदेशाची हौस असलेल्यांनी जाऊ नये. पहिल्याच संध्याकाळी अडवतील. महिन्यातून एक रात्र द्यावी लागते. पार्श्वभूमी तपासणी होते, स्वयंसेवकांना तिचं सरकारी शुल्क लागत नाही, पण कागद यायला वेळ लागतो, तेव्हा उन्हाळ्यातच अर्ज टाका. ओळख देणारी दोन माणसं लागतात, नातेवाईक चालत नाहीत. जाकीट एक माप मोठं मागा, आत स्वेटर मावला पाहिजे.