खिशातली वही आणि जिभेची तपासणी: एक परीक्षण

स्वतःच्या बोलण्यावर लक्ष ठेवायचं ठरवलं की तीन साधनं हाताशी असतात: बोटात अडकवायचा काउंटर, मोबाइलमधला व्हॉइस रेकॉर्डर आणि खिशात मावणारी साधी वही. इथे तिन्ही साधनांना एकच कसोटी लावली आहे. शब्द निसटला एवढंच साधन सांगतं, की तो आतून कुठून आला तेही दाखवतं?

हीच कसोटी का, ते आधी सांगायला हवं. अंतःकरणात जे भरून गेलं आहे तेच तोंडावाटे निघतं, असं प्रभू येशू बायबलमधल्या मत्तय १२:३४ मध्ये सांगतो. 'भरून गेलेलं' यासाठी तिथे 'पेरिस्सेउमा' हा ग्रीक शब्द आहे. मार्क ८:८ मध्ये चार हजार लोक जेवून तृप्त झाल्यावर उरलेल्या तुकड्यांच्या सात पाट्या भरल्या, त्या उरलेल्या तुकड्यांनाही हाच शब्द वापरला आहे. काठोकाठ भरून जे वर येतं ते. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार. लगेच पुढे, १२:३६ मध्ये, माणसाला प्रत्येक व्यर्थ शब्दाचा हिशेब द्यावा लागेल असं म्हटलं आहे. 'व्यर्थ'साठी तिथे आलेला 'आर्गोस' म्हणजे बिनकामाचा. मत्तय २०:३ मध्ये बाजारात रिकामे उभे असलेल्या मजुरांनाही हाच शब्द लावलेला आहे. तोलूनमापून बोलताना आपण शब्दांना नीट कपडे घालून बाहेर पाठवतो. बेसावधपणे निघालेला शब्द मात्र घरातून जसा होता तसाच रस्त्यावर येतो, म्हणून साक्षीला तोच बोलावला जातो. तपासणीचं साधन हा शब्द पकडणारं हवं.

काउंटर लवकर निकालात निघतो. चूक झाली की बटण दाबायचं, कुणाला कळतही नाही. पण रात्री हातात उरतो तो फक्त एक आकडा. काल नऊ, आज पाच. त्या पाचांत एक आईला दुखावणारा शब्द होता की पाचही किरकोळ कुरकुरी होत्या, हे कळायला मार्ग नाही. शिवाय आकडा खाली आला की माणूस स्वतःवर खूश होतो आणि लूक १८ मधल्या, प्रार्थनेतही स्वतःचीच थोरवी सांगणाऱ्या परूश्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो.

रेकॉर्डरचा एक उपयोग खरोखर मोलाचा आहे: स्वर कळतो. 'बरं' हा एकच शब्द मान्यतेचा होता की तुच्छतेचा, ते कागदावर उमटत नाही, कानाला लगेच कळतं. पण रेकॉर्डिंग चालू आहे हे माहीत असलं की आपण सावध बोलतो, आणि हवा असलेला बेसावध शब्दच हुकतो. दुसऱ्यांचं बोलणं त्यांना न विचारता टिपणं तर सरळ चूक आहे. त्यापेक्षा तुम्ही आधीच पाठवलेले शेवटचे दहा व्हॉइस मेसेज सलग ऐका. पाठवताना तपासणी डोक्यात नव्हती, त्यामुळे त्यांत खरा स्वर सापडतो. महिन्यातून एकदा एवढंच पुरे, रोजच्या कामाला हे साधन नको.

आता वही. बोलण्याच्या हिशेबाची पद्धत नवी नाही. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिलेल्या, येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात ती नेमकी आखून दिली आहे. एका वेळी एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच त्याच्यापासून जपायचा निश्चय करायचा. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर एकेका तासात काय बोललो ते आठवायचं आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके रेघेवर द्यायचे. प्रत्येक दिवसाला दोन रेघा, म्हणजे आठवड्याला चौदा. दिवसा घसरल्याचं लक्षात आलं की त्याच क्षणी छातीला हात लावायचा. चारचौघांतही ते कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच लूक १८ मध्ये पश्चात्तापाने मंदिरात ऊर बडवणाऱ्या जकातदाराची आठवण त्या हातात आहे, आणि काउंटरच्या बटणात ती नाही.

वही ए-सहा आकाराची, म्हणजे साधारण १०५ गुणिले १४८ मिलिमीटरची घ्या. त्याहून मोठी घरीच राहते. डाव्या पानावर चौदा रेघा, उजवं पान कोरं. पद्धतीत केलेला बदल त्या कोऱ्या पानावर आहे, आणि वहीची सगळी किंमतही तिथेच आहे. रोजच्या ठिपक्यांपैकी एकच निवडून त्यापुढे चार गोष्टी लिहायच्या: नेमके शब्द, ते कुणापाशी बोललो, त्याआधीच्या अर्ध्या तासात काय घडलं होतं, आणि त्या शब्दांतून मला काय मिळवायचं होतं. नमुना असा:

"'त्याला काय कळतंय!' सहकाऱ्याबद्दल, तिसऱ्यापाशी. आधी: बैठकीत त्याची सूचना घेतली, माझी बाजूला ठेवली. हवं होतं: ऐकणाऱ्याने मान डोलवावी."

इथे बहुतेक जण नेमके शब्द टाळून 'चिडून बोललो' असं लिहितात, आणि वही तिथेच निकामी होते. 'चिडून' हा आपणच स्वतःला दिलेला निकाल आहे, तोही बराच सौम्य. पुरावा त्या तीन शब्दांत आहे. वरच्या नोंदीत राग वरवरचा आहे. खाली डावललं गेल्याचं दुःख आहे आणि त्याच्याही खाली मान मिळवण्याची भूक. दोनतीन आठवड्यांनी उजवी पानं सलग वाचली तर कधी असं दिसतं की घरातलं फटकन उत्तर, मित्रांतला टोमणा आणि फोनवरची तक्रार या तिन्हींच्या 'आधी'च्या रकान्यात एकच गोष्ट आहे: कुणीतरी विचारलं नाही. ठिपके तीन, पण आड एकच. प्रार्थनेत मग 'माझी जीभ आवर' एवढ्यावर थांबता येत नाही. स्तोत्र १४१:३ मध्ये तोंडावर पहारा ठेवण्याची विनंती आहे आणि चौथ्या वचनाची सुरुवात मनापासून होते, माझं मन वाईटाकडे वळू देऊ नको. या दोन ओळी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर शेजारीशेजारी लिहून ठेवाव्यात.

दोष निवडतानाही गफलत होते. 'गोड बोलेन' हे मोजता येत नाही. 'गैरहजर माणसाबद्दल त्याच्यासमोर बोलणार नाही असं बोलणं', 'गोष्ट फुगवून सांगणं', 'समोरच्याचं वाक्य तोडणं' हे मोजता येतं. इफिस ४:२९ मधल्या कुजक्या भाषणाला 'साप्रोस' म्हटलं आहे. मत्तय १२:३३ मधल्या वाईट झाडाला आणि १३:४८ मध्ये जाळ्यातून फेकून दिलेल्या माशांना हेच विशेषण आहे. म्हणून शिव्या हा दोष निवडण्याआधी थोडं थांबावं. शिवीशिवायही कुजकं बोलता येतं, आणि चर्चच्या आवारात 'प्रार्थनेसाठी सांगते हं' म्हणून सुरू होणारं बोलणं बऱ्याचदा त्याच टोपलीतलं असतं.

उलट साध्या गप्पांना ठिपके देऊ नयेत. इग्नेशियस यांच्या मते ज्यातून स्वतःला वा दुसऱ्याला लाभ नाही आणि तसा हेतूही नाही, तो शब्द व्यर्थ. साधूने युद्धाविषयी किंवा व्यापाराविषयी बोललेलंही, हेतू चांगला असेल तर, ते व्यर्थ धरत नाहीत. हे ध्यानात न घेतल्यामुळे वहीवाली माणसं घरात घुम्यासारखी वागू लागतात. बोलणं कमी झालं की ठिपके कमी होणारच, पण अबोला धरणं हेही बोलणंच आहे. रागाने गप्प राहिलात तर ठिपका द्या. टाइप करून पाठवलेला मेसेज धरा. लिहून पुसून टाकलेला ठिपक्यात धरू नका, पण उजव्या पानावर जरूर घ्या, कारण मनात काय भरलं होतं ते तो पाठवलेल्या मेसेजइतकंच स्पष्ट सांगतो.

वहीचे दोषही आहेत. दुपारची नोंद चुकली की रात्री सकाळचं आठवत नाही, आणि चुकतं ते बहुधा दुपारचंच. दुसरं म्हणजे पानावर इतरांचे प्रसंग येतात. आद्याक्षरंसुद्धा नकोत, 'सहकारी', 'नातलग' एवढं पुरे. दोनतीन आठवड्यांची उजवी पानं सलग वाचून झाली की आकडे पुढच्या पानावर उतरवून जुनी पानं फाडून नष्ट करा. तिसरा दोष गंभीर आहे: ज्यांना आधीच प्रत्येक वाक्यात पाप दिसतं, अशा हळव्या मनांना ही वही अपाय करते. एका बैठकीला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागत असेल किंवा तीच नोंद पुन्हापुन्हा तपासावीशी वाटत असेल, तर वही बंद करा आणि आपल्या पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी बोला.

किती दिवसांत गुण येतो? एका दोषाला चार आठवडे द्यावेत. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतात. त्याने घाबरू नये, लक्ष जाऊ लागल्याचं ते लक्षण आहे. पूर्वी काय निसटत होतं ते कळतच नव्हतं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे ख्रिस्ती संन्यासी अब्बा पाम्बो यांना स्तोत्र ३९ चं पहिलं वचन शिकवायला घेतलं: मी जिभेने पाप करू नये म्हणून आपल्या चालीला जपेन. एवढं पुरे, म्हणून ते उठून गेले. सहा महिन्यांनी शिकवणाऱ्याने विचारलं तेव्हा ते अजून आचरणात आलं नव्हतं. पुढे त्यांनीच सांगितलं की एकोणीस वर्षांत ते जेमतेम जमलं.

पाचपैकी काउंटरला दीड, रेकॉर्डरला अडीच, कोऱ्या उजव्या पानासह वहीला चार. उजवं पान वापरणार नसाल तर वहीलाही दीडच.