कलाहारीत ‘सान वस्तीतला मुक्काम’ बुक करण्याआधी

नामिबिया-बोट्स्वानाची सहल आखणाऱ्या मराठी मंडळींच्या यादीत हल्ली एक गोष्ट हमखास असते: कलाहारीच्या वाळवंटात सान लोकांच्या, म्हणजे तिथल्या मूळच्या शिकारी रहिवाशांच्या, वस्तीत एक-दोन रात्री राहायचं. जरूर राहा. फक्त पैसे कुणाच्या खात्यात जातायत ते आधी बघा, कारण या नावाखाली चक्क दुकानदारी चालते आणि आमचं अख्खं कुटुंब तिच्यात व्यवस्थित कापलं गेलं.

मी बोट्स्वानाच्या राजधानीत, गाबोरोनला असतो, हिशेबाची कामं करतो. सांगलीहून सासू-सासरे आणि पुण्याहून मेहुणा त्याच्या कुटुंबासह आला होता. नामिबियाची राजधानी विंडहुकच्या एका एजंटाची जाहिरात मेहुण्याने हुडकली. तिच्यात काय नव्हतं! गावाच्या मालकीचा कॅम्प, सरकारमान्य कॉन्झर्व्हन्सी (गावकऱ्यांनी मिळून वन्यजीव राखायचे आणि त्यातून कमाई करायची अशी संस्था), ७० टक्के रक्कम थेट समाजाला, रात्री शेकोटीभोवती नाच, सकाळी बायकांबरोबर कंदमुळं शोधायला रानात. फोटोत एक अजस्र गोरखचिंच (बाओबाब) आणि तिच्या बुंध्याशी बसलेली सान मंडळी. दर आसपासच्या लॉजच्या जवळजवळ दुप्पट होता, पण पैसा समाजाला जातोय म्हटल्यावर घासाघीस कोण करणार? निम्मी रक्कम आगाऊ मागितली, तीही एका माणसाच्या नावावरच्या खात्यात. कंपनीचं खातं बदलायचं काम चालू आहे, अशी सबब. बिलात वेगळी ओळ होती: समाज निधी, माणशी ४०० नामिबियन डॉलर.

गाबोरोनहून कांगमार्गे मामुनोची सीमा ओलांडली की पुढे नामिबियातलं गोबाबिस. हा ओमाहेके प्रांत म्हणजे गुरांच्या मोठमोठ्या खासगी फार्मचा मुलूख. कॅम्प अशाच एका फार्मच्या कुंपणाच्या आत होता. गेटला कुलूप, आत पवनचक्की, पाण्याची टाकी, आणि टाकीच्या पलीकडे गवताने शाकारलेल्या पाच-सहा झोपड्या. आत स्प्रिंगच्या गाद्या. चूल कुठेच नाही, राख नाही, पोरं नाहीत, कुत्रं नाही. माणसं राहतात तिथे पसारा असतो. इथे झाडून पुसून लख्ख. सासऱ्यांनी सगळीकडे एक चक्कर मारली आणि विचारलं, “जावईबापू, ती गोरखचिंच कुठाय हो?”

गोरखचिंच तिथे नव्हतीच. फार्मवर सगळे बाभळीच्या जातीचे काटेरी वृक्ष. नामिबियात सान वस्तीजवळची ती प्रचंड झाडं आहेत त्सुम्क्वेच्या बाजूला, ईशान्येला, गोबाबिसहून रस्त्याने एका दिवसात धड पोचताही येणार नाही इतकी लांब. फोटो उचललेला होता, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं.

बाकीचं सकाळी कळलं. आठच्या सुमाराला एक पिकअप आली, इकडे तिला बक्की म्हणतात. मागे दाटीवाटीने बसलेली बायका-माणसं, अंगात फार्मवरचे निळे ओव्हरऑल, पायात गमबूट. एकाच्या मांडीवर मक्याच्या पिठाचं रिकामं पोतं होतं, त्यात कातड्याची वस्त्रं. टाकीच्या आडोशाला कपडे बदलून मंडळी झोपड्यांसमोर येऊन बसली आणि फार्मच्या मालकीणबाई आम्हाला म्हणाल्या, “या, गाव जागं झालंय!”

बक्कीचा ड्रायव्हर सेत्स्वाना बोलणारा निघाला. मला ती भाषा कामापुरती येते. त्याला चहा दिला, तो मोकळा झाला. ही सगळी याच आणि शेजारच्या फार्मवरची मजूर माणसं. पाहुणे असले की कुंपणाचं काम सोडून इथे आणायची, रात्री नाच संपला की परत पोचवायची. या कामाचे पैसे? मक्याचं पीठ, साखर, तंबाखू. पाहुणे खूश झाले तर थोडे सुटे. समाज निधी वगैरे त्याने कधी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी एक आजी शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी करत होती. कवचाचे बारीक तुकडे, त्यांना हाताने भोकं पाडायची, दोऱ्यात ओवायचे आणि मग अख्खी माळ दगडावर घासत राहायची, सगळ्यांच्या कडा एकसारख्या गोल होईपर्यंत. सासूबाई तिच्याशेजारी मांडी घालून दोन तास बसल्या. या सबंध सहलीत तेवढंच काय ते अस्सल होतं. तीच माळ मालकीणबाईंच्या दुकानात ३५० डॉलरला होती. आजीला त्यातले ३० मिळतात, हेही ड्रायव्हरनेच सांगितलं.

एक गैरसमज नको. कातडं नेसून दाखवणं ही फसवणूक नाही. ग्रूटफॉन्टेनहून त्सुम्क्वेकडे जाणाऱ्या रस्त्यावर ग्रासहुक नावाचं गाव आहे, तिथे सानांपैकीच जु’होआन्सी नावाचे लोक स्वतःचं ‘जिवंत संग्रहालय’ चालवतात. तिथेही पाहुण्यांसाठी जुना पोशाख चढवतात, आग कशी पाडायची, फास कसा लावायचा ते दाखवतात, पण हा आमच्या पूर्वजांचा जगण्याचा रिवाज आहे, आज आम्ही साध्या कपड्यात असतो, हे लपवत नाहीत. आणि कमाई त्यांचीच. ओमाहेकेतल्या त्या फार्मवर लोक तेच करत होते, कदाचित अधिक मेहनतीने. चोरी त्यांनी केलेली नाही. त्यांच्या आजोबा-पणजोबांची जमीन कुंपणात गेली, ते त्याच जमिनीवर मजूर झाले, आणि आता त्यांच्या नावाने निधी गोळा करणारा तिसराच. हा धंदा नवाही नाही. १९९०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत केपमधल्या एका खासगी रिझर्व्हवर खोमानी सान कुटुंबं अशीच पर्यटकांपुढे बसवली जायची. १९९९ साली त्यांना जमिनीचा दावा मान्य होऊन जमीन परत मिळाली.

कॉन्झर्व्हन्सी हा शब्द जाहिरातीत दिसला की विरघळून जाऊ नका. नामिबियात १९९६च्या कायद्याने गावकऱ्यांच्या कॉन्झर्व्हन्सी सुरू झाल्या, त्यातली पहिली १९९८ साली नोंदली गेली ती न्याए-न्याए, त्सुम्क्वेभोवतालची, जु’होआन्सींचीच. पण या सामूहिक जमिनीवर असतात. सातबारा एका माणसाच्या नावावर असलेल्या फार्मवर गावाची कॉन्झर्व्हन्सी कशी असेल? तेव्हा एजंटाला सरळ विचारा: कॉन्झर्व्हन्सीचं नाव काय, जमीन कुणाची, कॅम्प चालवणारा ट्रस्ट कोणता, पैसे त्याच ट्रस्टच्या खात्यात भरता येतील का? शेवटच्या प्रश्नावर चुळबुळ सुरू झाली तर बोलणं तिथेच थांबवा. जाहिरातीतला फोटो इंटरनेटच्या इमेज सर्चमध्ये टाकून तो मूळचा कुठला ते पाहा, दोन मिनिटांचं काम. आणि ‘इतके टक्के समाजाला’ असं लिहिलेलं असेल तर गेल्या वर्षीचा हिशेब मागा. जे खरंच देतात ते दाखवतात, त्यांना ते दाखवायला आवडतंही.

परतताना आम्ही बोट्स्वानात घान्सी शहराच्या पुढे डी’कार गावाला गेलो. तिथे नारो सान लोकांच्या गावाच्या मालकीचं फार्म आहे, पाहुण्यांची सोय आहे, शिवाय १९९० पासून चालू असलेला चित्रकलेचा प्रकल्प. त्यांची चित्रं बघितली की पर्यटकांपुढचा नाच फिका वाटतो. लिनोकटचे (लिनोलियम कोरून काढलेल्या छापांचे) प्राणी, कंद, पाखरं, आणि खाली चित्रकाराचं नाव.

आता पैशांचं. विंडहुकच्या एजंटाला मी पाठोपाठ मेल टाकले: समाज निधीची पावती द्या, कुणाला कधी दिला ते कळवा. आधी उत्तरच नाही. मग पर्यटन मंडळाकडे तक्रार करतोय असं लिहिलं तेव्हा ‘सदिच्छा म्हणून’ निधीची सगळी रक्कम दोन दिवसांत माझ्या खात्यात जमा, सोबत विनंती की ऑनलाइन काही लिहू नका. म्हणजे हिशेबनिसाच्या भाषेत सांगायचं तर तो पैसा त्याच्या खिशातून हललाच नव्हता. गावाला दिला असता तर परत काय करणार होता? मुक्कामाचे पैसे मात्र गेले ते गेलेच. तक्रार सगळ्या पावत्या आणि फोटोंसह पाठवली आहे.

ग्रासहुक किंवा न्याए-न्याएकडे जाणार असाल तर पेट्रोल आणि रोख रक्कम ग्रूटफॉन्टेनलाच भरून घ्या. पुढे कच्चा रस्ता आहे, कार्डवर विसंबू नका. हिवाळ्यात, म्हणजे आपल्या जून-जुलैत, रात्री पारा शून्याखाली उतरतो, तेव्हा ज्येष्ठांसाठी जाड रजया न्या. आमच्या सासूबाईंनी सोलापुरी चादरीवर भागवायचा हट्ट धरला होता, आणि पहाटे तीनला गाडीचा हीटर लावून बसल्या.