सोसायटीत गाडी चार्जिंग: घरचा मीटर की वेगळा मीटर?

महावितरणच्या भागात वाटा दोन. मीटर रूममधल्या घरच्याच मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर ओढायची, नाहीतर गाडीसाठी वेगळी जोडणी घ्यायची. वीज ग्राहक हक्क नियमांतल्या २०२४च्या दुरुस्तीने वेगळी जोडणी मागता येते. मी तीच घेतली.

घरच्या मीटरचं काम स्वस्त आणि झटपट. महिन्याला चार-पाचशे किलोमीटर फिरणाऱ्याला ते बहुधा पुरेल. हजार किलोमीटरला मात्र, युनिटला सात किलोमीटर आणि चार्जिंगमधली घट धरून, सुमारे १६० युनिट लागतात. घरचा वापर २५० असेल तर ११० युनिट ३००च्या वरच्या महाग स्लॅबमध्ये जातात. वेगळ्या मीटरला ईव्हीचा स्वतंत्र दर लागतो, पण स्थिर आकारही दरमहा भरावा लागतो. वापर कमी असेल तर तो जड वाटेल.

पण पैशांपेक्षा मला टोचला तो मेन एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की सगळ्या घराची वीज तोडणारा स्विच. १५ अँपिअर सॉकेटवरचा पोर्टेबल चार्जर रात्रभर १३-१४ अँपिअर घेतो. दीड टनाचा एसी सात, दोन किलोवॉटचा गिझर नऊ. बेरीज तिशीला टेकते आणि मेन असतो ३२चा. त्यात इस्त्री किंवा मिक्सर लागला की झालं. एमसीबी तत्काळ पडत नाही, तापून काही वेळाने पडतो. मे महिन्यात मीटर रूमच तापलेली असते, तेव्हा लवकर. पहाटे सगळं घर बंद, आणि एमसीबी तळमजल्यावर कुलपाआड. तिथे मोठा एमसीबी टाकू नका. घराकडे जाणारी जुनी वायर तेवढा करंट सोसत नाही, मंजूर भारही तेवढा नसतो.

दुसरी गोष्ट इमारतीची. तीस गाड्या रात्री अकराला ३.३ किलोवॉटने लागल्या तर ट्रान्सफॉर्मरवर शंभर किलोवॉट वाढले. घरच्या मीटरआडचा हा भार कुणाच्या कागदावर नसतो. वेगळ्या जोडणीत तो मंजूर होऊन येतो, म्हणून केबल किंवा ट्रान्सफॉर्मर वाढवण्याची मागणी सोसायटीला आकड्यांनिशी करता येते.

वाट कोणतीही घ्या, वायरीत काटकसर नको. चाळीस मीटरवर १४ अँपिअरला अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आठ व्होल्ट खाते, चारची पाच. ७.२ किलोवॉटच्या चार्जरला सहाची वायर, अंतर चाळीस मीटरहून जास्त असेल तर दहाची. आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ३० मिलीअँपिअरचा, टाइप ए. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज तीन-चारच्या वर दिसलं तर आधी अर्थिंग दुरुस्त करा, नाहीतर चार्जर लाल दिवा दाखवून थांबेल. सॉकेट बहुतेक वेळा वितळतं ते ढिल्या स्क्रूमुळे. पहिल्या आठवड्यानंतर वीज बंद करून ते पुन्हा आवळून घ्या. बेसमेंटमध्ये बॉक्स छातीच्या उंचीवर हवा, पावसाळ्यात पाणी शिरतं.

७.२ची घाई मला तरी गरजेची वाटत नाही. तीस युनिटची बॅटरी १० वरून ८० टक्क्यांवर न्यायला ३.३ किलोवॉटवर सात तास पुरतात. अर्ज मात्र पुढच्या गाडीचा विचार करून करा, आणि त्याआधी मीटर रूमच्या पॅनलवर आणखी एका मीटरला जागा आहे का ते बघून या.