बाउंड्री वॉटर्सचे जुने टोपो नकाशे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

नकाशे उत्तम आहेत आणि फुकट आहेत. बाउंड्री वॉटर्स म्हणजे अमेरिकेतलं मिनेसोटा आणि कॅनडातलं ओंटारिओ यांच्या सीमेवरचा, होडीने फिरायचा तळ्यांचा प्रदेश. तिथली यूएसजीएसची (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची) जुनी 1:24,000 टोपो म्हणजे उंचसखलपणा दाखवणारी शीट्स तिच्या टोपोव्ह्यू या संकेतस्थळावरून पैसा न भरता उतरवून घेता येतात. त्रास एकाच गोष्टीचा, पण तो फार आहे: डेटम, म्हणजे नकाशावरची ठिकाणं ज्याच्या आधारे मोजली तो संदर्भ.

डाव्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 1927 चा नॉर्थ अमेरिकन डेटम लिहिलेला असतो. कडेच्या निळ्या खुणांवरून झोन 15 चे यूटीएम (मीटरमध्ये ठिकाण सांगणारी जाळी) आकडे काढून डब्ल्यूजीएस 84 या जीपीएसच्या नेहमीच्या डेटमवर ठेवलेल्या जीपीएसमध्ये भरले, की ठिकाण सुमारे 200 मीटर दक्षिणेला पडतं. दाट झाडीच्या काठावर पोर्टेजचं (दोन तळ्यांमधल्या, होडी उचलून चालायच्या वाटेचं) तोंड अरुंद असतं, एवढ्या फरकाने ते दिसतच नाही. त्यात भर म्हणजे त्याच कोपऱ्यात ‘1983 च्या डेटमसाठी रेषा इतके मीटर सरकवा’ अशी सूचना असते आणि तो आकडा अगदी किरकोळ असतो. ती सूचना अक्षांश-रेखांशांच्या रेषांसाठी आहे, यूटीएमसाठी नव्हे. पृथ्वीचा आकार म्हणून धरलेला क्लार्क 1866 चा लंबगोल जाऊन जीआरएस 80 आला, तेव्हा यूटीएममधलं विषुववृत्तापासून मोजलेलं अंतरच बदललं. उपाय सोपा: जीपीएसमध्ये मॅप डेटम ‘एनएडी 27 कोनस’ (म्हणजे हाच 1927 चा डेटम) करा. फोनवर थेट जिओपीडीएफ (ठिकाणांची माहिती आत असलेली नकाशाची पीडीएफ) वापरली तर हा घोळ होत नाही.

यूएसजीएसचीच नवी यूएस टोपो शीट्स असताना जुनी कशाला, असं आधी वाटत होतं. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मत बदललं. जुन्या शीटवर तुटक रेघ आणि शेजारी ‘पोर्टेज’ हा शब्द स्पष्ट असतो. सुरुवातीच्या बऱ्याच यूएस टोपोंवर पायवाटाच नाहीत. मात्र जुन्या शीटवरच्या जांभळ्या रंगातल्या दुरुस्त्या हवाई छायाचित्रांवरून केलेल्या आहेत, जागेवर जाऊन तपासलेल्या नाहीत. 1999 च्या वादळाने आडवं केलेलं जंगल किंवा 2011 च्या पगामी क्रीक आगीचा पट्टाही या जुन्या शीट्सवर शोधू नका.

छापताना ‘फिट टू पेज’ बंदच ठेवा. मूळ शीट सुमारे 22 बाय 27 इंचांचं आहे, त्यामुळे तुकडे करून छापा आणि पट्टीने तपासा: स्केलवरचा एक मैल 6.7 सेंमी भरला पाहिजे. मग 60 रॉडचं पोर्टेज (रॉड म्हणजे साडेसोळा फूट) कागदावर सव्वा सेंमी येतं. वळणं धरून प्रत्यक्षात थोडं जास्तच चालावं लागतं. इंकजेटची शाई पाण्याने पसरते, लेझर प्रिंटच घ्या.

सीमेपलीकडच्या, ओंटारिओतल्या क्वेटिको उद्यानात शिरायचं असेल तर कॅनडाची 1:50,000 शीट्स वेगळी घ्यावी लागतात. तिथेही जुन्या आवृत्त्यांवर 1927 चाच डेटम आहे.