'शी'चा 'सा' झाला की ओळ तिची होते

आयुष्यभर मुद्रितशोधन केलं, त्यामुळे गाणं ऐकतानाही माझं लक्ष काना-मात्रेकडे जातं. जावई अमराठी. त्याला लेकीबरोबर 'शुक्रतारा मंद वारा' म्हणायचं होतं, म्हणून गाण्यांच्या एका ॲपची 'शब्द आणि अर्थ' ही पैसे भरून मिळणारी सोय महिनाभर वापरली.

आधी चांगलं सांगते. ओळी गाण्याबरोबर अचूक सरकतात. अरुण दाते शब्द उचलतात त्याच क्षणी तो उजळतो. अक्षर ठसठशीत, जोडाक्षरं फुटत नाहीत, मला चष्मा लागला नाही. इथवर पैकीच्या पैकी.

पण हे युगुलगीत आहे, हे ॲपला ठाऊकच नाही! दोघांच्या ओळी एकाच रंगात, एकाखाली एक. आणि ध्रुवपद? तो म्हणतो 'तू अशी जवळी रहा', ती म्हणते 'तू असा जवळी रहा'. ॲपने सगळीकडे 'अशी' छापलंय. एका अक्षराचा काय तो फरक, असं कुणी म्हणेल. अहो, त्या अक्षरावरच तर गाणं उभं आहे! त्याचीच विनंती ती त्याला परत करते, फक्त 'शी'चा 'सा' करून. दोन्हीकडे 'अशी' ठेवलंत, तर एकच माणूस तेच तेच म्हणत राहतो.

अर्थाच्या भागात तर धमालच. तिसऱ्या कडव्यात तो तिला 'फुला रे' म्हणतो. 'रे' दिसला म्हणून ॲपने ते कडवं तिच्या तोंडी टाकलं. पण त्याआधीच्या कडव्यात तिनंच स्वतःला लाजणारं फूल म्हटलंय ना! तो तिचाच शब्द उचलून तिला हाक मारतो. फूल नपुंसकलिंगी, म्हणून 'रे' बिनतक्रार चालतो. मंगेश पाडगावकरांनी एका शब्दात दाखवलंय की हा माणूस तिचं बोलणं नीट ऐकतोय. तिच्या कडव्यातल्या 'पवना वहा'मधली 'पवना' ही हाकही मला त्यालाच वाटते: तू वारा हो आणि माझा गंध ने. ॲप म्हणतं, 'वारा वाहत आहे'. संपलं.

आणखी एक. ॲपच्या मते हे 'मध्यरात्रीचं वर्णन' आहे. शुक्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे जात नाही. तो दिसतो सूर्यास्तानंतर किंवा पहाटे, फार तर तीनेक तास. मध्यरात्री कुठला शुक्र? मी ती संध्याकाळ धरते. तारा थोड्या वेळात मावळणार आहे, म्हणून त्या 'रहा'ला घाई आहे. कुणी पहाट धरली तर भांडणार नाही, तेव्हाही उजाडायची घाई आहेच.

श्रेयनामावलीत फक्त गायक. पाडगावकर नाहीत, संगीतकार श्रीनिवास खळे नाहीत. शब्दांचे पैसे घेता आणि शब्द लिहिणाराच गाळता? जावयाला मी एक मात्र आवर्जून सांगितलं: तिच्या ओळी गाणाऱ्या सुधा मल्होत्राही अमराठीच. तेव्हापासून त्याचा 'ळ' जरा धीट झालाय.

दुरुस्ती सुचवायची सोय आहे, पण ती तीन पडद्यांआड. चिकाटीनं पाठवली. आठ दिवसांनी दुसऱ्या कडव्यात 'असा' आलं, चौथ्यात अजून 'अशी'च. पुन्हा पाठवली आहे.

पाचांपैकी अडीच. तेही सरकत्या ओळींचे, अर्थाचा भाग फुकट दिला तरी मला नको. जावयासाठी गाणं कागदावर उतरवून दिलंय, त्याच्या ओळी निळ्या शाईत, तिच्या लाल. काल त्यानं स्वतःहून विचारलं, "आई, 'असा' लेकिन मैं नहीं बोलूँगा ना?"